मालतीला शिक्षा झाली

आपल्या मराठी मंडळातल्या बायांनो, आज सियालदहच्या कोर्टातून आले ती थेट लिहायला बसले. चुका असल्या तर असू देत.

आमच्या मोलकरणीला, मालतीला, तीन महिने सक्तमजुरी झाली. पदराच्या गाठीत विनापरवाना अफू सापडली, एवढीशी. आमची धुणीभांडी होईतो तिचं तान्हं पोर निजावं म्हणून चाटवायची.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "कुणी दिली?"

"जानि ना, हुजूर," म्हणाली.

चांगलं ठाऊक होतं तिला. सासऱ्यांच्या परवान्यावरची अफू मीच दिली होती. आपल्यात देतातच की पोरांना! आणि मी मागच्या बाकावर तोंड शिवून बसले.

पोरही तिच्याबरोबर तुरुंगात गेलं.

घरचे म्हणतात, "गप्प बस, दुसरी मोलकरीण मिळेल." तुम्हीही हेच म्हणणार का?