दौंडहून पाबळ लागेना

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी वडगाव रासाईची, शिरूरच्या एका दूध कंपनीत नेटवर्कचं काम बघायला नुकतीच लागले होते. पुण्याचं मुख्य ऑफिस, शिरूरची डेअरी आणि दौंडचं गोदाम आधीच जोडलेलं होतं. मग पाबळला नवं संकलन केंद्र उघडलं, आणि दौंडहून तेवढं पाबळ काही केल्या लागेना.

मी एसटीने दौंडला गेले. गोदाम सांभाळणाऱ्या मामांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"इंटरनेट चालतंय, पुनं लागतंय, शिरूर लागतंय. आपलंच पाबळ तेवढं न्हाई. असं कसं म्हंजी?"

केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला. फरक पडला नाही. शेवटी पुण्याला सीनिअर बाईंना फोन लावला. राउटरला कुठले रस्ते माहीत आहेत, ते त्यांनी वाचायला लावलं. शिरूर होतं, पुणे होतं, पाबळ नव्हतं. बाकी सगळ्यासाठी पुण्याकडे जाणारा एक डीफॉल्ट रस्ता होता.

"मग पाबळला पाठवलेलं माहितीचं पॅकेट त्या रस्त्याने का जात नाही?" मी विचारलं.

"राउटर जुना आहे, तो कॉम्प्युटरच्या पत्त्यांचे जुने ठरावीक गट, म्हणजे वर्ग, बघतो. आपले सगळे पत्ते त्याच्या लेखी एकाच मोठ्या नेटवर्कचे. त्यातले काही भाग त्याला माहीत आहेत, म्हणून जो माहीत नाही तो नाहीच, असं धरून पॅकेट टाकून देतो. परक्या नेटवर्कचं मात्र डीफॉल्टने पाठवतो."

"मग पाबळचा रस्ता मी हाताने टाकू?"

"चालेल. पण उद्या आणखी एक केंद्र उघडलं तर?"

मी रस्त्यांची ती यादी पुन्हा वाचली. "मग वर्ग बघूच नको, असं त्याला सांगायला हवं."

"बरोबर. सांग त्याला." त्यांनी कमांड सांगितली, आयपी क्लासलेस, म्हणजे वर्ग न बघता. ती टाकली आणि पाबळहून उत्तर यायला लागलं.

"व्हय, आता लागलं," मामा म्हणाले, आणि डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. जेवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही.

ती एक ओळ बाईंना पुण्यात बसूनही टाकता आली असती, हे मला पुढे कळलं. त्या फोन धरून माझ्या उत्तराची वाट बघत बसल्या होत्या. नंतरच्या मीटिंगमध्ये साहेबांना त्या म्हणाल्या, "दौंडचं काम हिने सोडवलं." मी चहाच्या कपाकडे बघत राहिले. घरी आईला मात्र सगळं दोनदा सांगितलं.