गार्डसाहेब कुणाच्या हवाली?

महादेव गेल्याचा फोन त्याच्या पुतण्यानं, बसवराजनं केला, तेव्हा मी सोलापुरात सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत उभा होतो. "काका गेले सकाळी," एवढंच तो म्हणाला. कसे गेले, कधी नेणार, हे विचारायचं सोडून माझ्या तोंडून भलतंच निघालं... "पिंजरा कुणाकडं आहे?" बसवराज म्हणाला, "तुमाला कशाला पायजे?" त्या आवाजातला संशय ऐकला आणि मला भर रस्त्यात रडू आलं. तो संशय थेट महादेवचा होता.

महादेव होटगीच्या पुढच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होता आणि मी स्टेशनावर मास्तर. आमची दोस्ती आधी फोनवर झाली, तोंडओळख कितीतरी नंतर. गाडी सोडण्याआधी मी फोन करायचो, तो फाटक लावायचा आणि "गेट बंद हाय, मास्तर" म्हणून आपला प्रायव्हेट नंबर सांगायचा. मग मी माझा सांगायचो. हा नंबर दोघांपुरताच, आणि एकदा वापरला की बाद. नंबराला नंबर मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही. बाकीचे गेटमन एवढं झालं की फोन ठेवत. महादेव वर विचारायचा, "तुमीच बोलताव की?" रोज माझा आवाज ऐकणारा माणूस! मी वैतागायचो. पण त्याच्या फाटकावर कधी कुणाला खरचटलंही नाही, हेही तितकंच खरं.

त्या फाटकाच्या खोलीवर एके दिवशी कुणाच्या तरी घरातून सुटलेला कॉकॅटिल येऊन बसला. शेंडीवाला, राखाडी अंगाचा हा परदेशी पोपट. आजूबाजूला विचारूनही मालक सापडला नाही. एक शब्द बोलायचा नाही, पण गाडीच्या गार्डासारखी शीळ अशी घालायचा की महादेवनं त्याचं नाव गार्डसाहेब ठेवलं. निवृत्तीनंतर तो गार्डसाहेबाला घेऊन शुक्रवार पेठेत एका खोलीत राहायला आला. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. पुतण्या होता, पण त्याच्या घरी मांजरं. त्यामुळं गार्डसाहेब हाच त्याचा संसार.

गेल्या वर्षी महादेवला दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि पक्ष्याच्या पिसांची धूळ छातीला बाधतेय, तो घराबाहेर काढा, असं स्पष्ट सांगितलं. महादेवनं आधी डॉक्टरवरच संशय घेतला, त्याला स्वतःलाच पोपट हवा असेल म्हणून. शेवटी चार पायऱ्या चढणं अवघड झालं तेव्हा म्हणाला, "बघा मास्तर, एकांदं चांगलं घर."

आता सोलापुरात पोपट सांभाळणारं घर मिळणं काही कठीण नाही, असं मला वाटलं होतं. पहिला आला एक हॉटेलवाला. गल्ल्याशेजारी पिंजरा टांगतो म्हणाला. महादेवनं त्याला भट्टी कुठं आहे ते विचारलं आणि धुराचं नाव निघताच चहाही न देता वाटेला लावलं. दुसऱ्यानं आल्या आल्या नर की मादी हे विचारलं. "ह्यो पिल्लं विकणारा हाय," असा निकाल तो जिना उतरायच्या आतच लागला. मग एक फार गोड कुटुंब आलं. महादेवनं त्यांच्यापुढं कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली आणि गप्प बसून राहिला. त्या बाईंनी मोठ्या मायेनं भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून पिंजऱ्याकडं नेला. महादेवनं त्यांचा हात वरच्या वर धरला. तिखट-मिठानं पाखरू मरतं, हे सोलापूरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. आपल्याला चटणीशिवाय माया करताच येत नाही, त्याला ती बाई तरी काय करणार! पण महादेवच्या लेखी तो विषय संपला.

त्या दिवशी मी त्याला बोललो. म्हटलं, अरे, जरा माणसावर विश्वास ठेवायला शीक, नाहीतर छाती पार जाईल तुझी. तो धापा टाकतच म्हणाला,

"इस्वास ठिवला असता तर गेटवर माणसं मेली असती की, मास्तर."

मग तो माझ्याच घरी वरचेवर यायला लागला, न सांगता. पंखा दिवसभर चालतो का, उदबत्ती कोण लावतं, खिडकीला जाळी का नाही... माझ्या बायकोला तर त्यानं पोळ्या कुठल्या तव्यावर करता तेही विचारलं, नॉनस्टिकच्या धुरानं पाखरू मरतं म्हणे. मला अपमान वाटला. पोपट मी मागितला नव्हता, तरी चोरासारखी तपासणी माझी. रागारागानं मी जाळी मात्र बसवून घेतली.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. पिंजरा तेव्हा बसवराजनं शुक्रवार पेठेतच ठेवला होता, रोज जाऊन दाणापाणी करायचा. महादेवनं मला खाली वाकायला लावलं आणि कानात एक नंबर सांगितला. "तुमीच हाय की?" मी हो म्हटलं. तेवढ्यात नर्सनं मला बाहेर काढलं.

दिवसकार्य झाल्यावर मी बसवराजला गाठायला शुक्रवार पेठेत गेलो. तो खोलीच्या दारातच आडवा उभा. हॉटेलवाला येऊन गेला होता म्हणे, महादेवअण्णांनी पोपट मलाच द्यायला सांगितलंय म्हणून. आणखी एक जण तेच सांगून गेला होता. मी नंबर सांगितला. बसवराज बाजूला झाला. "काका म्हनले हुते, नंबर सांगंल त्योच घरचा." आणि मी? मी पिंजऱ्याशी जाऊन आधी शेंडी बघितली, मग शीळ ऐकली. पाखरू बदललं तर नाही ना! संशयाची लागण होते, त्याला इलाज नाही.

आता गार्डसाहेब माझ्या खिडकीत, जाळीच्या आत असतो. संध्याकाळी मी पंखा बंद करतो, पिंजऱ्याची कडी लावतो, ओढून बघतो, पुन्हा ओढून बघतो. दवाखान्यात माझा नंबर द्यायचा राहून गेला, ते मला अजून खातं. म्हणून रोज एक नवा नंबर मोठ्यानं सांगतो, कालचा चालत नाही. "गेट बंद आहे, महादेव." मग थोडा वेळ तसाच उभा राहतो... मीच बोलतोय का, हे विचारायला आता कुणी नाही.