खिडकीजवळचं टेबल

शिकागोतल्या त्या फ्रेंच बिस्ट्रोत जेवणारे तीन-तीन तास बसतात आणि वाढणाऱ्यांना आख्ख्या शिफ्टमध्ये एक मिनिट टेकायची परवानगी नाही. हा निव्वळ माज आहे. म्हणून मी रोज दुपारी दारात उभी राहून पत्रकं वाटते: वेटरना खुर्ची द्या!

तिथले हेड वेटर काका नागपूरचे. गिऱ्हाइकाला 'बोंजूर' म्हणताना ओठांचा असा चंबू करतात, की वाटावं यांचा जन्म पॅरिसलाच झाला. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "आल्या का झाशीच्या राणी!" रोज एक पत्रक मागून घेतात, त्याच्या चार घड्या घालतात आणि खिडकीजवळच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवतात.

"कागद मात्र जाड वापरतेस हो, पोरी."

मी धुमसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा देते.

गेल्या शुक्रवारी सातवा महिना लागलेली एक वेट्रेस भिंतीला टेकली. मालक भर हॉटेलात तिच्यावर खेकसला. मी आत घुसणार, तेवढ्यात काकांनी खिडकीजवळची खुर्ची ओढली, तिला अदबीनं बसवलं आणि मांडीवर नॅपकिन पसरला.

"ते टेबल गिऱ्हाइकांचं आहे," मालक काकांवर कडाडला. "नोकरी नकोशी झालीय का तुला?"

"मॅडमचं रिझर्व्हेशन आहे, सर."

मग काका दाराशी आले आणि माझ्यापुढे हात केला. "बघत काय राहिलीस? आण इकडे."

या वेळी पत्रकाला घडी पडली नाही. काकांनी ते मेनूसारखं उघडून तिच्यासमोर धरलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.