माहेरचं आडनाव पाळण्यात

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात हजेरीला आडनाव पुकारलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची. तीन अक्षरांचं आमचं आडनाव. माहीत नसलेल्याला एखाद्या नदीचं नाव वाटावं.

लेकराचं नाव म्हणून कोणाचं आडनाव ठेवणं गावात नवं नव्हतं. तलावाकाठच्या आमच्या वस्तीत दोन पोरींना दवाखान्यातल्या नर्सबाईंचं आडनाव ठेवलं होतं. बाईंचं स्वतःचं नाव कोणाला ठाऊकच नव्हतं, अडल्यावेळी हाक मारायची ती आडनावानंच. एक पोरगा टीव्हीवरच्या क्रिकेटवाल्याच्या आडनावाचा. जे आडनाव जीव लावतं पण आपलं होऊ शकत नाही, ते माणसं लेकराला देतात, असं मला वाटायचं.

माझ्या मोठ्या बहिणीनं मात्र आपल्या पोरीसाठी आमचंच मागितलं.

बारशाला मी कोरपन्याकडं तिच्या सासरी गेले. कापूस फुटला होता, त्यावर सिमेंट कारखान्याची बारीक धूळ. सगळी सकाळ दुधात बुडाल्यासारखी. पोरीला पाजता पाजता बहीण म्हणाली, "तुह्या डिग्रीवर हाये आपलं आडनाव. माह्या आधार कार्डावरून गेलं. इथी कोणी घेत बी नाई ते. मले रोज हाक मारता आली पाह्यजे."

तिनं दहावीनंतर शाळा सोडली म्हणून मी शिकले.

सासू पिठाचे हात झटकत म्हणाली, "आडनावानं हाक मारते म्हणे पोरीले! घरात हजेरी घेऊन राह्यली काय?" बाया खदखदून हसल्या.

नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं एकदा कानात सांगितलं की ते फिरत नाही. म्हणून बहीण सारखी नणंदेच्या तोंडाकडं बघत होती. नणंद राजुऱ्याहून, तिच्या सासरहून आलेली. सासूनं तिला एका देवीचं नाव पढवून ठेवलं होतं.

पाळणा हलला. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. नणंद वाकली, पोरीच्या कानात पुटपुटली. मग सरळ होत आईला म्हणाली, "माय, मी बी या घरचं आडनाव इथीच ठेवून गेली ना. मले कोणी इचारलं?"

सासूनं पाळण्याची दोरी हातात घेतली.

मग नणंदेनं कानात सांगितलेलं नाव मोठ्यानं घेतलं. आमचं.

बहिणीनं लगेच हाक मारली. उगाच, दोनदा. मला धुक्यातला आमचा तलाव दिसला, आणि पलीकडच्या काठावरून कोणीतरी त्याच आडनावानं आम्हा सगळ्यांना एकदम घरी बोलावत होतं.