फक्कीचं ऑफिस

आमच्या हिच्या मामांइतका भिंतींवर जीव असलेला माणूस उभ्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे तेव्हा त्या भिंती नव्हत्याच! वडीगोद्रीचं हायवेलगतचं वावर मामांनी गावच्या मुलींच्या फुटबॉल क्लबाला देऊन टाकलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि मला बदनापूरहून बोलावून घेतलं. मी पडलो इंजिनिअर आणि वर जावई, म्हणजे दोन्हीकडून फुकट. व्यायामशाळा, बैठकीची खोली, अध्यक्षांचं ऑफिस, त्याला लागून मुलींची कपडे बदलायची खोली, असा झकास नकाशा काढून नेला. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "जावईबापू, कागदात माणूस उभा कसा राहील?" म्हणाले, आणि मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन अख्खी इमारत खऱ्या मापानं वावरात आखून मोकळे झाले.

तेव्हापासून मामा त्या इमारतीत राहायलाच गेले म्हणा ना. कुणी रेघ ओलांडली की ओरडायचे, "अहो, भिंतीतून काय येऊन राह्यले? दार तिकडं हाय!" चपला उंबऱ्याच्या रेघेबाहेर काढायच्या. एकदा सरपंच बोलता बोलता भिंतीतून आत आले, तर मामांनी त्यांना परत पाठवून दारातून यायला लावलं, तेव्हा कुठं चहा मिळाला. व्यायामशाळेत शिरलेली शेळीसुद्धा ते दारातूनच हाकलत.

मुली मात्र अजून कापसाच्या शेडच्या आडोशाला कपडे बदलत होत्या. गोलकीपर मुलीची आई शहागडहून येऊन तोंडावर सांगून गेली, "मामा, कडीची खोली न्हाई, तर पोरगी न्हाई." बाकीचे आईबापही तेच म्हणू लागले. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "टीमच मोडली तर मंग इमारत कुणासाठी?" दारोदार फिरून त्यांनी विटा, सिमेंट, सळई मागून आणली. ते सगळं भरलं जेमतेम एका खोलीपुरतं.

"कोणती बांधायची?" मी भीतभीतच विचारलं.

"इचारता काय? पोरींची. अन् माझं ऑफिस तिच्यातच घ्या, खोली मोठी होईल." त्यांनी स्वतःच पायानं मधली रेघ पुसली. पुसताना तोंड मात्र हायवेकडं केलं होतं.

खोली झाली. कडी आतून बराबर बसते का, हे पाहायला मामांनी स्वतःला कोंडून घेतलं आणि मग ती उघडेना, ते वेगळंच. गोलकीपर परत आली.

परवा गेलो तर आतून मुलींच्या हसण्याचा गलका चालला होता. बाहेर मामा प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटेच बसलेले, भोवती फक्कीची ताजी चौकट.

"नवं ऑफिस," मामा म्हणाले. "हवा बिलकुल मस्त येते."

मी रेघेबाहेर चपला काढल्या, वळसा घातला आणि दारातून आत गेलो.