मायची हनुवटी

आमच्या घरात मायचा एकही फोटो नव्हता. ती गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. पण आर्णीच्या बाजारात अनोळखी बायासुद्धा मला थांबवायच्या, "तू तिचीच पोरगी ना वं?" कारण मायसारखाच माझा खालचा जबडा पुढे आलेला होता. पोरी चिडवायच्या, "हिच्या हनुवटीवर पावसाचं पाणी साचते!" नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं नाक चांगलं सरळ होतं, तरी तीन ठिकाणांहून नकार आले.

सवाष्ण गेलेल्या बायांची पितृपक्षात नवमी असते. त्या दिवशी बाबा मायचं पान छपराच्या कवेलूंवर ठेवायचे आणि मी अंगणातून हाक मारायची, "माय, ये वं जेवाले!" कावळा लगेच यायचा. आत्या म्हणायची, "तिले आपलंच तोंड दिसते तुह्यात, म्हणून येते." मला ते पटायचं. खरं सांगते, अजूनही पटतं.

तिसऱ्या नकारानंतर बाबा हट्टाला पेटले. त्रेसष्ट-चौसष्ट साल असेल. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी वर्षभर तारा लावून माझे दात रांगेत आणले. मग पोळा झाल्यावर ऑपरेशन. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी कापून मागे सरकवलं आणि ते जुळेपर्यंत वरचे-खालचे दात तारांनी करकचून बांधून टाकले. दीड महिना तोंड बंद. दाढेमागच्या फटीतून रबरी नळीने दूध आणि तुरीच्या डाळीचं पाणी प्यायचं. उलटी झाली तर तारा कापता याव्यात म्हणून एक लहानशी कातर दोऱ्याने गळ्यात अडकवलेली. ती छातीला गार लागायची.

ऑपरेशनची तारीख घेताना नवमी मध्येच येते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

नवमीला पान ठेवलं. कावळा आला, पण लिंबाच्या फांदीवरच बसून राहिला. बाबांनी हात जोडले, "पोरीचं लगन लावून देतो." तो हलेना. "तुह्या नावानं जेवण घालतो." तरी नाही. आत्या मला म्हणाली, "तू बलाव ना वं. तुह्याच हाकेले येते तो."

मी हाक मारायला गेले. बांधलेल्या दातांमागून नुसतं गुरगुरल्यासारखं काहीतरी निघालं. कावळ्याने मान वाकडी करून माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि तो उडून गेला.

"वयखलंच नाही तिनं तुले," आत्या म्हणाली.

माझा असा संताप झाला की मी गळ्यातली कातर तोंडाशी नेली. बाबांनी मनगट धरलं. "नोको पोरी, हाड हालन!" दुपार कलल्यावर आत्याने पान गाईला घातलं.

तारा निघाल्या. जो तो म्हणाला, काय रूप उघडलं पोरीचं! पहिल्याच ठिकाणी होकार आला. पण घराच्या छपरावर कावळा बसला की मी पदराने तोंड झाकून घ्यायची. आरशापुढे उभी राहिले की वाटायचं, कुणीतरी माझ्यामागून वाकून बघतंय, आपलं तोंड शोधतंय.

हळदीच्या आदल्या दिवशी बाबा आत आले, दार लोटलं आणि माझ्यासमोर खालीच बसले. ज्यांनी त्या कावळ्याशिवाय कधी कुणाला विनवणी केली नाही ते बाबा हळू आवाजात म्हणाले, "एक डाव जबडा पुढं कर बरं."

मला कळलं. मी सगळा जोर लावून जबडा पुढे रेटला. कानशिलं ठणकली, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांचं काम पक्कं होतं, हनुवटी जुन्या जागी काही गेली नाही.

बाबांनी माझं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं. मग म्हणाले, "मले तिचं तोंड आठवून नाही राह्यलं वं."