ईशान्येचा खांब

आमच्या बाबारावांना मशीन कळते, असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे.

बाबाराव माझे धाकटे दीर. जबलपुरात फौजी कारखान्यात खरादावर लोखंड कातण्यात जन्म गेला त्यांचा. लोखंडाचा तुकडा नखानं वाजवून सांगतील, हा किती कडक आहे. मातीचं ढेकूळ मात्र कधी हातात घेतलं नाही. वरून मुहूर्ताचं वेड असं, की चपलासुद्धा पंचांग पाहून घालतील. माणूस वाईट नाही. माझ्या मालकांच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून होते. म्हणूनच राग जास्त येतो. परक्यावरचा राग येतो अन् उतरतो.

माझी लेक विनता नवरा गेल्यावर परत आली, तेव्हा तिच्या बापानं जबलपूरजवळच्या पाटणकडचं शेत तिच्या नावानं केलं. त्या भागात पावसाळाभर शेतात बांध घालून पाणी कोंडतात, कार्तिकात सोडतात, मग गहू-चणा पेरतात. काळी चिकण माती. पाण्यात लोणी, जेठाच्या उन्हात दगड. गेली दोन वर्षं तिथला चणा मोकाट गुरांनी खाल्ला. विनताचा भाऊ चंद्रशेखर नागपूरहून फोनवर म्हणाला, "दीदी, अवंदा बी गेलं तं जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं देऊन टाकू. मी ट्रॅक्टर बी विकून टाकीन."

देऊन टाकू! जमीन तिची, ट्रॅक्टर ह्याचा, म्हणून ऐकायचं. विनतानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, पाऊस लागायच्या आत कुंपण घालीन."

सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, त्या दगडात खड्डे करायला माणूस मिळेना. म्हणून ट्रॅक्टरच्या मागं लावायची खड्ड्याची मशीन घ्यायची ठरली. मोठा लोखंडी बरमा असतो तिला, गरगर फिरत खाली जातो. निवडायला गेले बाबाराव, सोबत विनता.

दुकानदारानं दोन दाखवल्या. एक अरुंद, जाड बरम्याची, टोकाला वेगळे बसवलेले दात. दुसरी रुंद, हलकी, लालभडक. भाऊजी म्हणाले, "रुंदच घेऊ. कुंडम गावचा शालिग्राम अशीच वापरते."

"काका, कुंडमचा मुरूम वेगळा," विनता म्हणाली. "आधी शेतात चालवून पाहू."

"पाहूच ना! मी काय आंधळा हाओ?"

अन् पाहिलं कुठं? ईशान्येच्या कोपऱ्यात! पहिला खांब ईशान्येलाच रोवायचा म्हणे. हळद, कुंकू, नारळ, सगळं झालं. आता आमच्या शेताचा उतार ईशान्येला. बांधाचं पाणी तिथूनच सोडतात, शेजारच्या विहिरीचं झिरपतं तेही तिथंच. तिथं जेठातही पाय रुततो. बरमा असा उतरला, जसा चमचा श्रीखंडात. भाऊजींनी हात जोडले. दुकानदाराच्या माणसानं नारळाचा प्रसाद खाल्ला अन् मशीन गळ्यात बांधून निघून गेला.

दुसरा खड्डा मधल्या शेतात. बरमा जागच्या जागी फिरू लागला. माती कापेना, नुसती घासून चकचकीत करू लागला. जळका वास आला, बोल्ट तुटला. नवा घातला, तोही तुटला. विनता बांधावर बसली अन् आभाळाकडे पाहत राहिली. पश्चिमेला ढग दिसत होते.

"मुहूर्तात खोट नव्हती, वहिनी," बाबाराव म्हणाले.

"मुहूर्त खड्डे खोदते काय भाऊजी?" मी म्हटलं. "अजून एक शब्द बोलाल तं ह्या बरम्याला तुम्हालाच बांधीन!"

मी एक ढेकूळ पदरात बांधलं, अन् ट्रॉलीत मशीनच्या शेजारी बसून आम्ही तिघं दुकानावर गेलो. ढेकूळ मी दुकानदाराच्या काचेच्या टेबलावर आदळलं.

"माताजी, मशीन ठीक है," तो म्हणाला. "आपकी ज़मीन सख़्त है."

"तो क्या ज़मीन बदल दूँ?" विनता अशी ओरडली, की बाहेरचा चहावाला आत डोकावला. बापाच्या तेराव्यानंतर तिचा असा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"चली हुई मशीन वापस नहीं होती, दीदी."

तेव्हा बाबाराव पुढं आले. त्यांनी ढेकूळ उचललं, नखानं वाजवलं, बराच वेळ हातात धरून पाहिलं. मग त्या परक्या माणसासमोर म्हणाले, "भैया, गलती मेरी है. लड़की ने बोला था, मैंने सुना नहीं. मेरी गलती की सज़ा इसको मत दो."

जन्मभर मी त्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. दुकानदारानंही मान खाली घातली. दातांची मशीन दिली बदलून. कुरकुरत दिली, पण दिली.

ह्या वेळी जागा विनतानं दाखवली. शेताच्या मधोमध उभी राहून टाच आपटली. "इथं. नारळ नंतर, काका."

"हो बाई," काका म्हणाले.

दातांनी माती कुरतडली. सावकाश, थोडं खाली जायचं, वर उचलून माती झटकायची, पुन्हा खाली. पण बरमा उतरला. पाऊस लागायच्या आत तार ओढून झाली. त्या वर्षी गुरं बाहेरून चणा पाहत उभी राहिली, अन् चंद्रशेखरनं फोनवर ट्रॅक्टरचा विषय काढला नाही.

सगळे खांब ताठ आहेत. एक ईशान्येचाच तेवढा हलतो. खड्डा रुंद, माती ओली, पकड कशी येईल! बाबाराव शेतावर आले की आधी त्याच्या बुडाशी दगड-माती ठोकत बसतात. मी काही बोलत नाही.

म्हणजे, दरवेळी बोलत नाही.